फवारणीचा बॅटरी पंप फुल चार्ज दाखवतो आणि तिसऱ्या टाकीला बंद पडतो? मोटर बदलायच्या आधी सेल मोजा

टोमॅटोचा सीझन लागला की गिरणारे, दिंडोरी, पिंपळगाव साईडहून ही एकच तक्रार सारखी येते. रात्रभर चार्जिंगला लावला, सकाळी चार्जरवर हिरवा दिवा, पंपाच्या मीटरवर सगळ्या काड्या फुल, दोन टाक्या मस्त जोरात मारल्या आणि तिसऱ्या टाकीला अर्ध्या सरीत फवारा बंद. हळूहळू मंद होऊन नाही, खटकन. पंप बांधावर ठेवला, चहापाणी झालं, बटण दाबलं तर परत चालू, आणि दोन मिनिटांत परत बंद. मग दुकानात नेला की मोटर बदलून देतात, पुढच्या आठवड्यात तेच, मग चार्जर बदलतात, परत तेच, आणि शेवटी माणूस म्हणतो की बॅटरी पंपच बेकार, आपला हाताचाच बरा. मला ह्याचं खरंच वाईट वाटतं, कारण दहातल्या बऱ्याच पंपांत मोटर चांगली असते, चार्जर चांगला असतो, बिघाड असतो पॅकच्या आतल्या एकाच सेलमध्ये आणि तो साध्या मल्टिमीटरने सापडतो. त्यासाठी फक्त एक गोष्ट नीट कळायला हवी, पंपाच्या बॅटरीचे १२ व्होल्ट येतात कुठून.

आधी सोपं सोपं बघून घ्या. सक्शनची जाळी गाळाने चोंदली असेल, नोझलमध्ये कचरा असेल तर प्रेशर कमी होतं पण मोटरचा आवाज चालू राहतो. बटण किंवा वायरची क्लिप सैल असेल तर पंप हलवला की चालू-बंद होतो. आपला प्रॉब्लेम तसा नाही, इथे मोटर आवाजासकट गप्प होते आणि थोडा आराम दिला की जागी होते. ही खूण बॅटरीचीच.

आता सेलचं गणित. एका सेलचा व्होल्टेज त्याच्या आतल्या मालावर ठरतो, आकारावर नाही. भिंतीवरच्या घड्याळातला बारका सेल आणि जुन्या टॉर्चमधला जाडजूड सेल दोन्ही दीड व्होल्टचेच, कारण दोन्हीत जस्त आणि मँगनीज डायऑक्साइड आहे, जाड सेल फक्त जास्त वेळ चालतो. लेड-ॲसिडचा एक सेल २ व्होल्ट. लिथियम-आयनचा, म्हणजे जुन्या लॅपटॉपमध्ये असायचा तो गोल १८६५० सेल (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब), साधारण ३.७ व्होल्ट, फुल भरला की ४.२. लिथियम आयर्न फॉस्फेट, ज्याला सगळे एलएफपी म्हणतात, तो ३.२, चार्जिंग करताना ३.६५ पर्यंत नेतात. रिचार्जेबल पेन्सिल सेल १.२. जगात १२ व्होल्ट देणारा एकही एकटा सेल नाही. जिथे जिथे १२ लिहिलंय तिथे आत सेलची माळ आहे. बाईकच्या अलार्मच्या रिमोटमध्ये ती बोटाच्या पेराएवढी १२ व्होल्टची बॅटरी असते ना, तिच्यातसुद्धा दीड व्होल्टच्या आठ बारक्या चकत्या एकावर एक ठेवलेल्या असतात. व्होल्टाने १८०० साली पहिली बॅटरी बनवली ती अशीच, धातूच्या चकत्या आणि मध्ये मिठाच्या पाण्याचं कापड, चळत जितकी उंच तितका झटका मोठा.

शाळेत एकसर जोडणी आणि समांतर जोडणी शिकलो होतो, तेच हे. एकाचा प्लस दुसऱ्याच्या मायनसला, ही सिरीज, व्होल्टेजची बेरीज होते पण एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती माल साठतो त्याचं माप) तेवढेच राहतात. प्लसला प्लस, मायनसला मायनस, हे पॅरलल, व्होल्टेज तेवढाच पण एएचची बेरीज. पॅकवर ३एस४पी लिहिलं असेल तर चार-चार सेलचे पॅरलल गट आणि असे तीन गट सिरीजमध्ये, एकूण बारा सेल, ११.१ व्होल्ट. शेजारच्या ई-बाईकच्या ३६ व्होल्टच्या पॅकमध्ये असेच दहा गट असतात, ४८ वाल्यात तेरा, आणि घरातल्या इन्व्हर्टरच्या मोठ्या बॅटरीत दोन-दोन व्होल्टचे सहा कप्पे, वरची पाणी टाकायची सहा बुचं मोजा की कळतं.

आणि सिरीजमध्ये एक नियम असा आहे की त्याच्यावर ही सगळी पोस्ट उभी आहे. माळेतल्या प्रत्येक सेलमधून करंट तेवढाच जातो, एक थेंब कमी नाही की जास्त नाही. विहिरीपासून माणसांची रांग लावून हातोहात बादल्या द्यायच्या तर रांगेतला जो दमलेला आहे त्याच्या हातूनही तेवढ्याच बादल्या जायला लागतात जेवढ्या पैलवानाच्या, आणि तो बसला की रांग थांबली. पॅकमध्ये तीन गट आहेत, दोन ठणठणीत आणि एक अर्धा झालेला, तर पॅक अर्ध्यातच थांबणार, बाकीच्या दोघांत कितीही शिल्लक असली तरी तिचा उपयोग नाही.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते एका पंपाच्या रीडिंगवरून सांगतो. ३एस पॅक, तीन गट, पंपवाले दादा म्हणाले चार्ज फुल आहे. चार्जर काढून थोडा वेळ ठेवून मोजला तर एकूण १२.३७ व्होल्ट, कोणीही म्हणेल की झकास. एकेक गट मोजला तर पहिला ४.१९, दुसरा ४.२०, तिसरा ३.९८. फरक छोटा वाटतो पण इथेच कान टवकारायचे. मग टाकीत साधं पाणी भरून पंप चालू केला आणि चालू मोटरवर मोजत राहिलो. थोड्या वेळाने ४.०२, ४.०४ आणि तिसरा ३.४१. आणखी थोडं चालवलं तर ३.८९, ३.९१ आणि तिसरा घसरत घसरत २.८४, आणि तिथे मोटर खटकन बंद. त्या क्षणाची बेरीज करून बघा, १०.६४ व्होल्ट. तीन सेलचा पॅक ९ पर्यंत आरामात चालायला पाहिजे, म्हणजे एकूण आकडा सांगतोय बॅटरी बाकी आहे आणि पॅक मात्र संपलाय. बंद झाल्यावर तिसऱ्यावरचा लोड गेला, तो परत ३.३ च्या आसपास चढला, म्हणून चहा पिऊन आल्यावर पंप चालू होतो. दोन मिनिटांचीच ताकद असते ती.

बंद करणारा कोण, तर पॅकच्या आतलं बीएमएस, ती हिरवी किंवा निळी छोटी सर्किट पट्टी. ती एकूण बघत नाही, प्रत्येक गटावर वेगळं लक्ष ठेवते. कुठलाही एक गट खालच्या लिमिटला गेला (२.५ ते ३ च्या मधे, पट्टी कुठली आहे त्यावर) की आउटपुट तोडते. चार्जिंगला पण तसंच, कुठलाही एक गट ४.२५ च्या वर गेला की चार्जिंग तोडते. आता हिरव्या दिव्याचं कोडं सुटतं बघा. दोन चांगले गट वर पोचले, बीएमएसने तोडलं, तिसरा अजून चारच्या आसपासच आहे, पण चार्जरला फक्त एवढंच कळतं की करंट थांबला, म्हणजे भरली, म्हणून हिरवा. चार्जर खोटं बोलत नाहीये, त्याला आतलं दिसतच नाही. दुकानदाराने चार्जर बदलला तर नवीन चार्जरला तरी कुठून दिसणार.

मोजायचं कसं. पॅक बाहेर काढा, हातातली अंगठी, कडं काढून ठेवा, ही थट्टा नाही, लिथियम पॅक शॉर्ट झाला तर अंगठी लाल होण्याइतका करंट येतो. वरचं निळं प्लास्टिक कव्हर ब्लेडने कापताना फक्त वरवर कापा, सेलपर्यंत पातं जाऊ देऊ नका. बीएमएसवर बी मायनस, बी-वन, बी-टू, बी प्लस असे टाके असतात. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर, बी मायनस ते बी-वन हा पहिला गट, बी-वन ते बी-टू दुसरा, बी-टू ते बी प्लस तिसरा. दोन्ही काड्यांची टोकं एकमेकांना आणि शेजारच्या टाक्याला लागू देऊ नका. हे तीन आकडे आधी लोडशिवाय घ्या, मग पंपात पाणी भरून चालवत घ्या, लोडवरचे आकडेच खरे. फोटो काढून ठेवले तर आणखी चांगलं, नंतर विसरायला होतं. आणि मोटर बंद पडली त्या क्षणी बी प्लस ते बी मायनस १० च्या वर आणि बाहेर मोटरकडे जाणाऱ्या दोन वायरवर शून्याच्या आसपास आलं, तर बीएमएसने तोडलंय हे नक्की. बाहेरच्या वायरवर पण तेवढाच व्होल्टेज येतोय आणि मोटर गप्प आहे, तर मात्र बॅटरीला दोष देऊ नका, मग स्विच, रेग्युलेटर किंवा खरंच मोटर.

मल्टिमीटरमध्येच चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी असते, ती उतरली असेल तर मीटर चुकीचं, बऱ्याचदा जास्तीचं रीडिंग दाखवतं. स्क्रीनवर बॅटरीचं चिन्ह आलं की आधी ती बदला. ती पण सेलची माळच आहे, त्या पत्र्याच्या डबीत दीड व्होल्टचे सहा सेल असतात, आणि तिथेही एक सेल गेला की सगळी डबी गेली.

आता चार्जरचा दुसरा प्रकार, जो मला जास्त धोक्याचा वाटतो. बाजारात "१२ व्होल्ट लिथियम" नावाने दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक, लिथियम-आयनचे तीन गट, लेबलवर ११.१, चार्जर १२.६ चा. दोन, एलएफपीचे चार गट, लेबलवर १२.८, चार्जर १४.६ चा. आणि जुन्या लेड-ॲसिडचा चार्जर तिसराच. पिन मात्र बऱ्याच वेळा सगळ्यांची सारखी गोल, त्यामुळे घरात दोन-तीन पंप असले, भावाचा पंप, शेजाऱ्याचा पंप, की चार्जर इकडचे तिकडे होतात. १२.६ वाला चार्जर एलएफपीला लावला तर १२.६ भागिले चार म्हणजे सेलला ३.१५ व्होल्ट मिळाले, तेवढ्यात एलएफपी फारच थोडा भरतो, पण चार्जर समाधानी, हिरवा दिवा, आणि पंप एका टाकीत खलास. ह्यात सेल, मोटर, बीएमएस काहीच खराब नसतं, नुसता चार्जर बदलला की पॅक परत चालतो. उलटं केलं, १४.६ वाला चार्जर तीन गटांच्या पॅकला, तर भागाकार येतो ४.८७. तिथे पॅक आणि आग ह्यांच्या मधे फक्त बीएमएस उभं आहे, आणि स्वस्तातल्या पॅकमध्ये ते कसलं असेल ह्याची गॅरंटी कोण देणार. म्हणून चार्जरच्या मागच्या लेबलवरचा आउटपुट वाचा आणि पॅकच्या लेबलशी ताडून बघा. पॅकवर लेबल नसेल तर गट मोजा. चार्जरवर मार्करने मोठ्या अक्षरात पंपाचं नाव लिहा, घरातल्या सगळ्यांना वाचता येईल असं.

एलएफपीवाल्यांसाठी अजून एक, त्याचा व्होल्टेज बराच वेळ १३.२ च्या आसपास सपाट राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो, त्यामुळे लेड-ॲसिडसाठी बनवलेलं पंपाचं मीटर शेवटपर्यंत फुल दाखवतं. हा बिघाड नाही. तीन गटांच्या लिथियम-आयनमध्ये उलट, १२.६ पासून हळूहळू उतरत जातं आणि मोटरचा जोरही तसा कमी होत जातो.

ज्यांच्या पंपात अजून ती जड लेड-ॲसिड आहे, त्यांना आतले सहा सेल वेगळे मोजता येत नाहीत, सगळं सील असतं, पण एकूण आकड्यावरून बरंच कळतं. चार्ज करून काही तास बाजूला ठेवा आणि मोजा. १२.७ ते १३ च्या मधे आली तर ठीक. १०.५ च्या आसपासच अडकून बसली असेल तर सहातला एक सेल आतून शॉर्ट झालाय, पाचच कामाला आहेत. अशी बॅटरी चार्जिंगला लावली की हिरवा दिवा लागतच नाही आणि बॅटरी गरम होते, कारण चार्जर १४.४ देतोय सहा जणांच्या हिशोबाने आणि घ्यायला पाचच आहेत, प्रत्येकाच्या वाट्याला जवळपास २.९ व्होल्ट, त्यात आतलं पाणी उकळल्यासारखं गॅस होऊन जातं. ती रात्रभर घरात चार्जिंगला ठेवू नका. तिला दुरुस्ती नाही, जुनी देऊन नवीन घ्या, जुनीचे पैसे वळते होतात.

आता तिसरा गट कमजोर निघाला तर पुढे काय. पॅक नवीन असेल आणि फरक थोडासाच, तर कधी कधी नुसतं बॅलन्सिंग बिघडलेलं असतं, सेल चांगला पण मागे राहिलेला. तेव्हा तो एकच गट वेगळा ४.२ पर्यंत भरायचा, पाच व्होल्टच्या मोबाईल चार्जरवर चालणारं छोटं टीपी४०५६ मॉड्यूल मिळतं त्याने हे होतं, एका वेळी एकच गट, आणि तिथे बसून, लावून शेतात निघून जायचं नाही. गट समान झाले की परत पाणी भरून लोडवर मोजा. तिघेही सोबत उतरत गेले तर काम झालं. तो परत एकटाच खाली गेला तर सेलच गेलाय. आणि एखादा गट २ व्होल्टच्याही खाली जाऊन महिनोन्महिने पडलेला असेल तर त्याला जिवंत करायच्या भानगडीत पडू नका, अशा सेलमध्ये आतून तांबं विरघळून शॉर्ट होण्याचा धोका असतो आणि तो चार्जिंग करतानाच बाहेर येतो.

फक्त एक सेल बदलून द्या म्हणणारे खूप असतात, पैसे वाचवायचे असतात हे कळतं. पण दोन गोष्टी बघा. गटात तीन-चार सेल पॅरलल असतात तेव्हा त्यातला एक खराब सेल बाकीच्यांना पण आतल्या आत उतरवत राहतो, त्यामुळे निकेलची पट्टी सोडवून, सेल सुटे करून, प्रत्येकाला एक दिवस ठेवून मोजल्याशिवाय चोर कोण ते कळत नाही. आणि जुन्या थकलेल्या गटांमध्ये एकच गट कोरा करकरीत टाकला तर आता जुने दोन कमजोर ठरतात, पॅक त्यांच्याच मापाने चालणार. म्हणून तीन-चार वर्षं वापरलेल्या पॅकला मी सरळ सगळे सेल एकाच कंपनीचे, एकाच लॉटचे, सारख्या एएचचे टाकायला सांगतो. जोडायच्या आधी सगळे एकाच व्होल्टेजला आणायचे, आणि जोडणी स्पॉट वेल्डिंगनेच, सोल्डरिंगची उष्णता सेलच्या टोकाला झेपत नाही. सेल घेताना ५००० किंवा ६००० एमएएच (हजार एमएएच म्हणजे एक एएच) लिहिलेला १८६५० दिसला तर तो घेऊच नका, ह्या मापाचा चांगल्यातला चांगला सेल ३५०० च्या आसपास येतो. किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर वजन करून बघा, चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, खूप हलका लागला तर आत माल कमी आहे.

हे काम घरी नाही जमलं तरी हरकत नाही, पण लोडवरचे तीन आकडे कागदावर लिहून दुकानात न्या. "बॅटरी उतरते" म्हणालात की समोरचा अंदाजाने पार्ट बदलतो, "तिसरा गट लोडवर २.८ ला येतो" म्हणालात की त्याला मोटर बदलून द्यायला जागाच उरत नाही.

प्रेशर कमी वाटतं म्हणून तिथेच चौथा लिथियम-आयन गट वाढवून घेणारे पण भेटतात. चार गट फुल भरले की १६.८ व्होल्ट, मोटर आणि रेग्युलेटर १२ चे, काही दिवस जोरात चालतं आणि मग गरम होऊन जातं. दुसरी बॅटरी जोडून जास्त टाक्या मारायच्या असतील तर पॅरलल जोडायची, सिरीज केली की २४ होतात. पॅरलल करताना दोन्ही एकाच जातीच्या, एकाच वयाच्या आणि जोडण्याआधी दोन्हींचा व्होल्टेज जवळपास सारखा, पाव व्होल्टचा पण फरक ठेवू नका, नाहीतर भरलेली बॅटरी रिकामीत धाडकन ओतते. लेड-ॲसिडला लिथियम पॅरलल तर अजिबातच नाही.

सीझन संपल्यावर बहुतेक पॅक मरतात ते पत्र्याच्या शेडमध्ये. शेवटची फवारणी झाली, पंप तसाच रिकामा शेडमध्ये टांगला, आणि थेट पुढच्या पावसाळ्यात काढला. बीएमएस स्वतः थोडा थोडा करंट खात असतं, जो गट आधीच खाली आहे तो ह्या काळात आणखी खाली जातो, वर मे महिन्याची पत्र्याखालची गरमी. लिथियम साधारण अर्धा भरून घरात थंड जागी ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा. लेड-ॲसिडचं उलटं आहे, ती पूर्ण भरूनच ठेवायची आणि महिन्या-दीड महिन्याने परत चार्ज करायची, रिकामी ठेवली की प्लेटांवर सल्फेट बसतं आणि मग ती भरतच नाही.

काढलेले खराब सेल घंटागाडीत टाकू नका. गाडीत कचरा दाबला जातो तेव्हा सेल चेपला की तिथेच पेट घेतो आणि गाडीवर काम करणाऱ्या माणसांच्या जिवाशी खेळ होतो. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, प्लास्टिकच्या डब्यात ठेवा आणि जिथून नवीन घेतली तिथे परत द्या किंवा ई-कचरा घेणाऱ्याला द्या. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनी बॅटरी बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावायची जबाबदारी टाकलेली आहे, त्यामुळे दुकानदार घेत नाही म्हणाला तर कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून जुनी बॅटरी कुठे जमा करायची ते विचारा.